घरमालक, भाडेकरू आणि नगरशासन : शब्दांच्या अंगाने एक विचार

स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या कारभारात घरमालकांस भाडेकरूंपेक्षा अग्रक्रम द्यावा किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राचा व कायद्याचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडावे हे काहींना अनाठायी वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या व्यवहारात माणसांची वर्गवारी करावी लागते तेथे त्या वर्गांना दिलेली नावेच पुष्कळदा निर्णय करून टाकतात, आणि निर्णय झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मालक, मिळकतदार, भोगवटादार, भाडेकरू, बिऱ्हाडकरू, रहिवासी, नागरिक हे सारे शब्द एकाच घरात राहणाऱ्या माणसाला लागू शकतात. मात्र महानगरपालिकेच्या दप्तरात त्यांतला कोणता शब्द त्याच्या वाट्याला येतो त्यावर त्याला नोटीस जाते की नाही, सूट मिळते की नाही, आणि घर पडू लागले असता त्याला कोणी विचारतो की नाही, हे ठरते. प्रस्तुत लेखात नाशिक शहर मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवून हा प्रश्न तपासण्याचे योजिले आहे. आमचे मत असे की, केवळ मालकीच्या नावावर अग्रक्रम देण्यास नगरशासनाला आधार नाही. आणि ह्याचे कारण भाडेकरूविषयीच्या कणवेत शोधण्याची गरज नसून ते घरपट्टीच्या व्याख्येतच सापडते.

हा भेद आपल्याकडे इंग्रजी अमदानीत प्रथम आला असे नाही. मराठी अमलातील गावगाड्यात 'मिरासदार' आणि 'उपरी' असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. 'मिरास' हा अरबी शब्द. 'वारस' व 'वारसा' हे शब्द ज्या धातूपासून आले त्याच धातूपासून तो आला आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरीत आहे तोवर त्याला तीवरून काढता येत नसे, आणि परागंदा झालेला मिरासदार दीर्घ काळाने परतला तरी त्याचा हक्क पुष्कळदा मानला जाई. गावच्या विचारविनिमयात त्याला स्थान होते, मानपानात त्याचा क्रम ठरलेला होता. उपरी मात्र करारापुरता. 'उपरि' म्हणजे वर, वरून आलेला. आजच्या मराठीतील 'उपरा' ह्या शब्दात त्या जुन्या दर्जाचा सारा सल उरला आहे, आणि लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले तेव्हा त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. १८१९ साली पेशवाईच्या मुलखाविषयी अहवाल लिहिताना एल्फिन्स्टनने ह्या भेदाची तपशीलवार नोंद घेतली आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मिरासदाराला मान होता तसा त्याच्यावर भारही होता. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी उपऱ्याला कौल देऊन प्रथम हलका व पुढे क्रमाने चढता धारा बसवीत. मिरासदाराला पूर्ण धारा चुकत नसे, आणि कित्येक ठिकाणी वर मिरासपट्टीही द्यावी लागे. म्हणजे जुन्या व्यवस्थेत मान आणि भार बरोबर चालत. आजच्या घरमालकाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो त्याचे मूळ येथेच आहे: जो कायमचा आहे आणि जो पैसा भरतो त्याचे म्हणणे आधी ऐकावे. ह्या युक्तिवादाची दोन अंगे आहेत, कायमपणाचे व भाराचे, आणि ती वेगवेगळी तपासली पाहिजेत.

भाराच्या अंगाचा नगरशासनातील पहिला आविष्कार म्हणजे मताधिकार. मुंबई शहराचा इतिहास ह्या बाबतीत बोलका आहे. १८७२ च्या कायद्याने तेथील ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे ठरले, आणि करदाता म्हणजे वर्षास किमान ५० रुपये कर भरणारा. १८८८ च्या कायद्याने ही मर्यादा ३० रुपयांवर आली. शहर गिरणीकामगारांनी भरून गेले होते, चाळी उभ्या राहत होत्या, आणि त्या चाळींत राहणाऱ्यांच्या नावावर घर नसल्यामुळे घरपट्टीही नव्हती; त्यामुळे शहराच्या बहुसंख्य रहिवाशांना शहराच्या कारभारात काडीचाही अधिकार नव्हता. १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा १० रुपये भाडे भरणारालाही मत मिळाले. ही घटना आर्थिकदृष्ट्या जितकी महत्त्वाची तितकीच शब्दार्थाच्या दृष्टीनेही आहे. 'भाडे भरणे' हे 'कर भरणे' ह्याचा पर्याय म्हणून कायद्याने प्रथमच येथे मान्य केले. पुढे १९४८ ची मुंबईची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली आणि हा प्रश्न मिटला.

मिटला म्हणजे किती निःसंदिग्धपणे मिटला ते १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात पाहावे. महानगरपालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, आणि त्या यादीत नाव येण्यासाठी माणूस त्या ठिकाणचा 'सर्वसाधारण रहिवासी' असावा लागतो. ह्या संज्ञेचा खुलासा करताना अधिनियम सांगतो की, एखाद्या मतदारसंघात घराची मालकी किंवा ताबा आहे एवढ्याच कारणाने कोणी तेथला रहिवासी मानला जाणार नाही. ज्याचे नाशिकला तीन सदनिका घेऊन ठेवलेल्या आहेत आणि वास्तव्य मात्र ठाण्यास आहे, त्याला नाशिकच्या नगरसेवकासाठी मत नाही. त्याच्या सदनिकेत भाड्याने राहणाऱ्या कामगाराला आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ हा नियम अमलात आहे, तरी सार्वजनिक बोलण्यात 'आम्ही करदाते' हा शब्दप्रयोग अजून असा केला जातो की जणू १८८८ चा कायदाच चालू आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. घरपट्टी कशावर बसते? नाशिक नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली आणि ७ नोव्हेंबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. तिला लागू असलेला कायदा मूळचा १९४९ चा. आज तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम ह्या नावाने ओळखला जातो. ह्या कायद्यातील पारंपरिक पद्धतीप्रमाणे घरपट्टी ठरते ती घराच्या बाजारातील किमतीवरून ठरत नाही. घर वर्षाच्या कराराने भाड्याने दिले असता रास्तपणे जे भाडे येण्याची अपेक्षा करता येईल त्यावरून ती ठरते. त्या रकमेतून दुरुस्तीदाखल शेकडा १० वजा करून उरते ते करयोग्य मूल्य. ही व्याख्या इंग्लंडच्या १८३६ च्या एका कायद्यातून आली आहे, आणि तेथील कायदेपंडितांनी ह्या अपेक्षित भाडे देणाराला 'कल्पित भाडेकरू' असे नावच दिले आहे. म्हणजे गंगापूर रस्त्यावरील बंगल्यात स्वतः राहणारा मालकदेखील जी घरपट्टी भरतो ती, त्याच्या बंगल्यात एक न दिसणारा भाडेकरू राहत आहे असे मानून आकारलेली असते. नगरशासनाच्या उत्पन्नाचा हिशेब ज्याच्यावाचून मांडताच येत नाही तो हा कल्पित भाडेकरू. आणि खरा भाडेकरू मात्र त्या हिशेबात नावानिशी कोठेच येत नाही. ह्याहून विलक्षण विसंगती कायद्याच्या भाषेत क्वचितच आढळेल.

अर्थात कर भरण्याची पहिली जबाबदारी मालकावर असते हे खरे. घर भाड्याने दिलेले असेल तर मागणीपत्र भाड्याने देणाराच्या नावे निघते. त्याच्याकडून वसुली झाली नाही तर ती ठराविक मर्यादेत भोगवटादाराकडून करता येते, आणि भोगवटादाराला ती रक्कम भाड्यातून वळती करून घेता येते. कायदा अशा रीतीने गृहीत धरतो की कर मालकाच्याच खिशातून जातो. व्यवहार तसा नाही. भाडे ठरविताना मालक घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीचा देखभालखर्च ह्या साऱ्यांचा विचार करतो, आणि जेथे घरांची टंचाई आहे तेथे ह्या भाराचा मोठा भाग भाड्यातून भाडेकरूवर उतरतो. मात्र पावती मालकाच्या नावाची निघते. इंग्लंडमध्ये ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडविली गेली: १९९३ पासून तेथील निवासी घरांवरील स्थानिक कर सामान्यतः घरात राहणाराकडूनच घेतला जातो, मग तो मालक असो वा भाडेकरू. त्यामुळे तेथील भाडेकरू स्वतःला करदाता म्हणवू शकतो. आपल्याकडे तो तितकाच, कित्येकदा अधिक, भार सोसूनही 'करदाता' ह्या शब्दाच्या बाहेर राहतो.

शब्दाबाहेर राहण्याचे परिणाम पैशात मोजता येतात. पुण्याचे उदाहरण घ्या. तेथे १९७० पासून स्वतः राहत असलेल्या निवासी घराच्या करयोग्य मूल्यात शेकडा ४० ची सवलत दिली जात असे. लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर राज्यशासनाने ती काढून घेतली. त्यावर मोठा क्षोभ झाला, आणि २०२३ मध्ये ती पुन्हा चालू करण्यात आली. सवलत मिळावयाची तर घरात आपण स्वतः राहतो असा अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो. घर भाड्याने दिले की सवलत गेली. ह्यामागे 'भाडे मिळविणाराला सूट कशासाठी?' असा विचार आहे आणि तो वरवर न्याय्य दिसतो. परंतु वाढलेला कर अखेर भाड्यात मिळाला म्हणजे त्याचा अर्थ इतकाच होतो की, एकाच इमारतीत, एकसारख्या दोन खोल्यांत, तोच रस्ता, तोच दिवा आणि तीच कचरागाडी वापरणाऱ्या दोन कुटुंबांपैकी ज्याच्यापाशी घर नाही त्याने अधिक भरावे. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला. तेथेही माफीचा लाभ मिळकतदाराच्या हाती पडतो, आणि तो पुढे भाड्यातून भाडेकरूपर्यंत पोहोचावा अशी कोणतीही योजना नाही.

नाशिकमध्ये २०१८ साली घरपट्टीवरून जे रण माजले ते वाचकांच्या स्मरणात असेल. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी करयोग्य मूल्याच्या दरांत मोठी वाढ केली. मोकळ्या भूखंडांचा व शेतजमिनींचाही प्रश्न त्यात निघाला. आयुक्तांवरील अविश्वास ठरावापर्यंत मजल गेली, तो ठराव पुढे मागे घेण्यात आला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. वाढ योग्य होती की नव्हती हा आपला विषय नव्हे. भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेत भरते ते हे की, त्या साऱ्या वादात 'नाशिककर' हा शब्द सर्व पक्षांनी वापरला आणि त्याचा अर्थ जवळजवळ सर्वत्र 'नाशिकमधील मिळकतदार' असाच होता. शेतकरी, बंगलेवाले, सदनिकाधारक, व्यापारी यांची बाजू मांडली गेली. सातपूर व अंबड येथील कारखान्यांत काम करणारा, एका खोलीत चौघांनी राहणारा भाडेकरू ह्या वादाला पक्षकार म्हणून कोठे दिसला नाही. वाढलेली घरपट्टी त्याच्याही भाड्यात उतरणार होती हे कोणी बोलले नाही.

मालकाची बाजू मात्र येथेच संपत नाही, आणि तिचा विचार केल्यावाचून निर्णय देणे योग्य होणार नाही. युक्तिवादाचे दुसरे अंग कायमपणाचे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, घरमालकाची बहुतेक सारी पुंजी एका घरात अडकलेली असल्यामुळे तो स्थानिक कारभारावर सर्वांत दक्षतेने नजर ठेवतो. शाळा बिघडली, रस्ता बिघडला तर त्याच्या घराची किंमत उतरते. भाडेकरू गैरसोय झाल्यास घर बदलतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्याच ग्रंथातून हेही दिसते की, ही दक्षता पुष्कळदा नव्या लोकांना व नव्या स्वस्त घरांना आपल्या वस्तीबाहेर ठेवण्यासाठी वापरली जाते. शिवाय कायमपण हे मालकीचे लक्षण मानावयाचे तर जुन्या नाशिकमधील वाड्यांकडे पाहावे. तेथे हे समीकरण नेमके उलटे झालेले आढळते.

भद्रकाली, तिवंधा, पंचवटी ह्या भागांतील वाडे मूळचे एका कुटुंबाचे. चौक, ओसरी, माजघर, माडी अशी त्यांची रचना. लाकडाचा सांगाडा आणि मातीविटांच्या भिंती. शहर वाढले तसे मालकांनी एकेक दालन बिऱ्हाडाला दिले, आणि वाड्याची चाळ झाली. 'बिऱ्हाड' ह्या शब्दाचे नाते कन्नडमधील 'बिडार' म्हणजे तळ, मुक्काम, ह्या शब्दाशी जोडले जाते. तात्पुरता उतारा हा त्याचा मूळ भाव. 'भाडेकरू' ह्यातील '-करू' हा प्रत्ययही 'यात्रेकरू' ह्या शब्दात दिसतो तसा आला-गेला सुचवितो. शब्द असे पाहुणे असले तरी माणसे तशी राहिली नाहीत. वाड्यांतील कित्येक बिऱ्हाडे तीन-तीन पिढ्या तेथेच आहेत, आणि मालकांची मुले मात्र कॉलेज रोडला, पुण्याला किंवा परदेशी गेली. उपरी घरात आणि मिरासदार परागंदा, असा हा प्रकार आहे.

असे का झाले ते समजण्यासाठी भाडेनियंत्रणाची साखळी पाहिली पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे बहुतांशी 'प्रमाणभाडे' ठरविले, आणि ते अर्धशतक जवळजवळ तेथेच गोठले. त्याच काळात कुळकायद्याने ग्रामीण भागात काय केले ते ताडून पाहण्यासारखे आहे. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. म्हणजे तेथे कायद्याने उपऱ्याला मिरासदार केले. शहरात कायद्याने भाडेकरूला मालक केले नाही, आणि मालकाला मालक राहू दिले नाही. दोघांनाही घराविषयी आस्था उरू नये अशीच ही योजना ठरली. पुढची कडी घरपट्टीची: पद्मा देवी यांच्या कलकत्त्यातील खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की, कल्पित भाडेकरू जे भाडे देईल ते कायद्याने ठरविलेल्या प्रमाणभाड्याहून अधिक असू शकत नाही. अर्थात भाडे गोठले, त्याबरोबर करयोग्य मूल्य गोठले, आणि नगरपालिकेचे उत्पन्नही त्या घरापुरते गोठले. भाडे दुरुस्तीला पुरेना म्हणून मालक दुरुस्ती करीना. घर आपले नव्हे म्हणून भाडेकरू करीना. आणि पट्टी तुटपुंजी असल्यामुळे नगरपालिकेलाही त्या वाड्यात फारसे स्वारस्य राहिले नाही. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात हे गोठलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने प्रमाणभाड्यात एकदा शेकडा ५ ची आणि त्यानंतर दरवर्षी शेकडा ४ ची वाढ करण्यास मुभा दिली. परंतु मूळ आकडाच इतका लहान की चार टक्क्यांनी वाढूनही तो लाकूडकामाच्या मजुरीला पुरत नाही. वाड्याच्या मालकाची तक्रार ह्या ठिकाणी खरी आहे, आणि ती भाडेकरूच्या बाजूने बोलणाऱ्यांनी प्रांजळपणे मान्य केली पाहिजे.

ह्या साखळीचा शेवट पावसाळ्यात होतो. दरवर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि दरवर्षी काही भिंती कोसळतात. नोटिशीत मालक आणि भोगवटादार दोघांचाही उल्लेख असतो. 'भोगवटादार' हा शब्द आम्हांला ह्या सर्व परिभाषेत सर्वांत निर्मळ वाटतो: 'भोग' संस्कृत, 'दार' फारसी, आणि अर्थ इतकाच की जो प्रत्यक्ष उपयोग घेतो तो, त्याने घर विकत घेतले आहे की भाड्याने, ह्याची चौकशी तो शब्द करीत नाही. पण नोटीस मिळूनही भोगवटादार घर सोडीत नाही, आणि वृत्तपत्रे त्याला हट्टी ठरवितात. त्याच्या हट्टामागे एक साधे भय असते: घर रिकामे केले की मालक ते पाडील, जागा विकसकाला देईल, आणि आपण येथे कधी राहत होतो ह्याचा पुरावाही मातीत जाईल. भाडेनियंत्रण कायद्यानेच नगरपालिकेने पाडण्याचा आदेश दिलेले घर हे ताबा मागण्याचे एक कारण मानले आहे, त्यामुळे हे भय निराधार म्हणता येत नाही. उलट पक्षी, मालकाला पडके घर हेच कित्येकदा सर्वांत लाभदायक घर असते.

ह्या संदर्भात सांगली, मिरज आणि कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. भाड्याने दिलेली इमारत महानगरपालिकेने पाडली होती. इमारतच राहिली नाही तेव्हा भाडेकरूपण संपले, असा मालकपक्षाचा दावा होता. न्यायालयाने तो अमान्य केला. भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो, त्याखालच्या जमिनीशीही तो निगडित असतो, म्हणून वास्तू नष्ट झाली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही, असा त्याचा आशय. हा निकाल वाड्यांतील प्रत्येक बिऱ्हाडाला ठाऊक असता तर जूनमधील कित्येक नोटिसा निमूटपणे पाळल्या गेल्या असत्या असे आम्हांस वाटते. पण हक्क असणे आणि तो सिद्ध करता येणे ह्यांत अंतर आहे. कोणत्या दालनात कोण राहत होता आणि त्याचे क्षेत्र किती होते ह्याची नोंद वाडा उतरविण्यापूर्वी महानगरपालिकेने स्वतः मोजून घेतली पाहिजे आणि तिची प्रत दोघांनाही दिली पाहिजे. ह्याला फार पैसा लागत नाही. एक अभियंता, एक टेप आणि एक पंचनामा लागतो. मुंबई बेटावर १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ व उपकर निर्माण केला, आणि त्या उपकराचा वाटा भाडेकरूंनीही उचलला. नाशिकच्या वाड्यांना ती सोय नाही. मालक आणि भाडेकरू ह्यांपैकी कोणाला अग्रक्रम द्यावा असे विचारणाऱ्यांनी मुंबईतील ही व्यवस्था अवश्य पाहावी. तिच्यात दोष पुष्कळ आहेत, पण भार दोघांत वाटून घेण्याचा विचार तिच्यात आहे.

आणखी एक शब्द घोटाळा करतो, तो 'मालक'. ह्या शब्दाच्या अरबी धातूतूनच 'मुलूख' आला आहे. सत्ता आणि स्वामित्व ह्या दोन्ही छटा त्यात आहेत. नवीन नाशिकमध्ये सिडकोने वसविलेल्या योजनांतील घरधारक स्वतःला मालक म्हणवितो, घरपट्टी मालक म्हणून भरतो, आणि भाडेकरू ठेवतो तेव्हा मालकासारखाच वागतो. परंतु त्याची जमीन मूळ करारानुसार दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची. म्हणजे कायद्याच्या काटेकोर भाषेत तोही एका प्रकारचा भाडेकरूच. त्याला मालक म्हणण्यात काही चूक आहे असे नाही. भेद मुदतीच्या लांबीचा आहे, जातीचा नाही, एवढेच त्यावरून ध्यानात यावे. कौटिल्याने भाड्याला 'अवक्रय' म्हटले आहे, आणि सोडण्यास सांगितले असता न सोडणारा भाडेकरू व भाडे भरीत असलेल्या भाडेकरूला काही गुन्ह्यावाचून हुसकणारा मालक, ह्या दोघांनाही त्याने सारखाच, १२ पणांचा, दंड सांगितला आहे.

आजच्या नाशिकमधील बहुसंख्य नवे भाडेकरू वाड्यातले नाहीत. ते कायद्याने भाडेकरूही नाहीत. ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणारे परवानाधारक आहेत. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरू मानले, तेव्हापासून मालकवर्ग सावध झाला आणि मुदत अकरा महिन्यांच्या पलीकडे जाऊ द्यावयाची नाही हा शिरस्ता पडला. अशा माणसाला पाणी, गॅस, शाळा, शिधापत्रिका आणि मतदारयादी ह्या प्रत्येक ठिकाणी पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा मालकाच्या मर्जीवर असतो. १९९९ च्या अधिनियमाने करार लेखी व नोंदणीकृत असण्याची सक्ती केली आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. करार नोंदला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरावे, असेही सांगितले. कायद्याने येथे आपले वजन दुबळ्या बाजूच्या पारड्यात टाकले आहे. परंतु हा करार नोंदणी कार्यालयात राहतो; महानगरपालिकेच्या करविभागाने तो पाहिलाच तर घर भाड्याने दिल्याबद्दल वाढीव आकारणी करण्यापुरता पाहतो. एकच कागद एका कार्यालयात भाडेकरूचे संरक्षण असतो आणि दुसऱ्यात त्याचे भाडे वाढण्याचे निमित्त होतो. त्यामुळे करार न नोंदण्यात मालक व भाडेकरू दोघांचाही तात्पुरता स्वार्थ निर्माण होतो.

हे टाळावयाचे तर भाड्याने दिलेल्या निवासी घराला स्वतःच्या वापरातील घरापेक्षा चढा दर लावण्याचे बंद केले पाहिजे, आणि आकारणीपुस्तकात मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचे नाव लिहिले पाहिजे. नोंदी बदलत राहतील, माणसे दर अकरा महिन्यांनी हलतील, अशी अडचण प्रशासन सांगेल. पण अनिश्चिततेची सोय महानगरपालिका अधिनियमाच्या करविषयक नियमांत पूर्वीपासूनच आहे, मात्र ती मालकासाठी: कर भरण्यास प्रथम जबाबदार असलेल्या माणसाचे नाव कळत नसेल तर आकारणीपुस्तकात नुसते 'धारक' एवढे लिहून काम भागते, आणि तेवढ्या शब्दावर निघालेली नोटीस कायदेशीर ठरते. नाव ठाऊक नसलेल्या मालकाला ज्या पुस्तकात जागा आहे, त्यात नाव, करार आणि भाडे तिन्ही ठाऊक असलेल्या भाडेकरूसाठी एक रकाना वाढविणे अशक्य नसावे.